पायाखालच्या स्टुलासाठी कोणतं लाकूड घ्यावं?

पाय टेकवायचं स्टूल दिसायला लहान, पण घरातल्या लाकडी सामानात त्याच्याइतके हाल कुणाचेच होत नाहीत. टाच रोज एकाच कडेवर घासते. तळव्याचा घाम आणि तेल लाकडात मुरतं. माळ्यावरचा डबा काढायला कुणी ना कुणी त्यावर चढतंच. पोरं त्याची गाडी करून घरभर ढकलतात. आणि फरशी पुसताना फिनेलचं पाणी रोज त्याच्या पायांना लागतं. म्हणून वखारीत जाऊन "सगळ्यात मजबूत लाकूड दाखवा" म्हणण्यात अर्थ नाही. विचारायचे प्रश्न दोन: वरच्या फळीची कड टाचेखाली किती वर्षं टिकेल, आणि पायांचं खालचं इंचभर टोक पाण्याला किती पुरेल. या दोन प्रश्नांची उत्तरं दोन वेगळी लाकडं असू शकतात, आणि खर्च वाचवायचा असेल तर ती वेगळीच असावीत.

आधी माप, मग लाकूड

आरामखुर्ची किंवा सोफ्यासमोरचं स्टूल बसल्यावर दबलेल्या गादीच्या उंचीपेक्षा दोन-तीन इंच खाली असावं. बहुतेक घरांत ही उंची ३५ सेंमीच्या आसपास येते. त्याहून उंच केलं तर गुडघ्यामागे ताण येतो आणि पाय आपोआप खाली घसरतात.

कामाच्या टेबलाखालच्या फूटरेस्टचं गणित वेगळं. खुर्चीवर नीट मागे टेकून बसा, मांड्या जमिनीला समांतर ठेवा आणि टाचेखाली किती जागा उरते ते मोजा. तीच मधली उंची. फळीला १० ते १५ अंशांचा उतार द्यायचा. ३० सेंमी खोल फळीला १२ अंशांचा उतार हवा असेल तर पुढची कड ५ सेंमीवर आणि मागची साधारण सव्वाअकरा सेंमीवर येते. यावर कुणी उभं राहत नाही आणि ते टेबलाखालून हलतही नाही, म्हणून इथल्या फळीला आंबा किंवा रबरवुडसारखं स्वस्त लाकूड बिनधास्त वापरावं. सागवान इथे घालणं म्हणजे चांगलं लाकूड अंधारात ठेवणं.

या लेखातलं मुख्य उदाहरण चार पायांच्या स्टुलाचं आहे. वरची फळी ४० × ३० सेंमी, जाडी २२ मिमी. पाय ४५ मिमी चौरस, लांबी ३३ सेंमी. पायांना जोडणाऱ्या चार आडव्या पट्ट्या ६० मिमी रुंद आणि २० मिमी जाड. एवढ्याला तयार मापाचं लाकूड ०.२३ घनफूट लागतं. करवतीची फट, रंध्याचा भुगा आणि गाठी टाळताना जाणारे तुकडे धरून वखारीत ०.३५ घनफूट मागा. एवढंसं लाकूड कुणी वेगळं कापून देत नाही, पण मोठ्या कामातून उरलेले तुकडे सॉमिलमध्ये पडलेले असतात आणि स्टुलाला तेच पुरतात.

याच मापाचं स्टूल सागवानात साधारण ४.३ किलो भरतं, बाभळीत ५.३, ऐनात ६ च्या घरात, आंब्यात ४.४, रबरवुडमध्ये ४.२ आणि शिवणात जेमतेम ३.२ किलो. वजन फार कमी असेल तर पाय टेकवताच स्टूल फरशीवर सरकतं. फार जड असेल तर आजी-आजोबांना पायाने जवळ ओढता येत नाही. चार ते साडेपाच किलो हे वजन सोयीचं.

वखारीत फळी हातात घेतल्यावर

पहिल्यांदा फळीचं कापलेलं टोक बघा, ज्याला सुतार लाकडाचं डोकं म्हणतात. तिथे झाडाची वलयं दिसतात. वलयांच्या रेषा फळीच्या जाडीत उभ्या असतील तर फळी कमी फुगते आणि सपाट राहते. रेषा आडव्या, हसऱ्या तोंडासारख्या असतील तर ती फळी पुढेमागे पन्हळासारखी वाकणार. सागवानासारखं शांत लाकूडही ओलं असताना ते पुरतं सुकेपर्यंत वलयांच्या दिशेने ५-६ टक्के आटतं, आणि वलयांना काटकोनात त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे आडव्या रेषांची ३० सेंमी रुंद फळी मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये मोजली तर सहज तीन मिमीचा फरक दिसतो. उभ्या रेषांच्या फळीत तोच फरक दीड मिमी. हे तीन मिमी नीट लक्षात ठेवा, फळी बसवताना त्यांचीच गरज पडणार आहे.

दुसरं, गाभा आणि पांढरं लाकूड. सालीलगतचा फिकट भाग कोणत्याही झाडाचा असो, किडा आधी तिथेच लागतो. सागवानही याला अपवाद नाही. सागाला वाळवी लागत नाही ही ख्याती गाभ्याची आहे. पायाच्या चौकटीत एका बाजूला पांढरा पट्टा असेल तर तो पाय परत करा. वरच्या फळीत खालच्या अंगाला थोडा चालेल.

तिसरं म्हणजे ओल. ओलं लाकूड हाताला गार लागतं, ठोकल्यावर बद्द आवाज येतो, पण या खुणांवर विसंबू नका. घरी करता येणारी पक्की परीक्षा अशी: फळीच्या टोकापासून अर्धा फूट आतला, दोन बोटं रुंद तुकडा कापून घ्या. टोकाचा घेऊ नका, टोक नेहमी जास्त सुकलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर लगेच वजन करा. मग ओव्हनमध्ये १०० अंशांवर ठेवा आणि दर दोन तासांनी वजन करा. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की थांबा. समजा तुकडा आधी ११८ ग्रॅम होता आणि शेवटी १०४ भरला. चौदा ग्रॅम पाणी गेलं, त्याला १०४ ने भागा: साडेतेरा टक्के ओल. पुणे, नाशिक, नागपूरकडे ८ ते १२ टक्क्यांचं लाकूड कामाला घ्यावं. कोकणात आणि गोव्यात १२ ते १५ चालतं, कारण घरातली हवाच तेवढी दमट असते. १८ च्या वर असेल तर फळ्यांमध्ये दीड-दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून सावलीत, वारा खेळेल अशा जागी थप्पी लावा आणि दोन्ही टोकांना ऑइल पेंट फासा. टोकांतून पाणी सगळ्यात जलद उडतं आणि लाकूड तिथूनच उलतं.

सागवान

सागाचं मोठेपण त्याच्या मजबुतीत कमी आणि स्वभावात जास्त आहे. ते फारसं फुगत नाही, पिळत नाही, गाभ्यातल्या तेलामुळे पाण्याला आणि वाळवीला पुरून उरतं. फरशी पुसणाऱ्या घरात स्टुलाच्या पायांसाठी याहून निर्धास्त लाकूड नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं, बल्लारशाह-आलापल्लीकडचं सागवान वखारीत आजही 'सीपी टीक' या नावाने मिळतं. सीपी म्हणजे जुना मध्य प्रांत. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली लाकूड गेलं ते बल्लारशाहहूनच. त्याशिवाय घाना, नायजेरिया, इक्वेडोर अशा ठिकाणांहून आलेलं लागवडीचं सागवान मिळतं. ते स्वस्त पडतं, पण झाडं कोवळी असतात, त्यामुळे पांढरा भाग जास्त येतो. स्टुलासाठी हे लागवडीचं लाकूड पुरेसं चांगलं आहे, फक्त पाय निवडून गाभ्याचे घ्या.

उणीव एकच सांगण्यासारखी: टाचेच्या रोजच्या घासण्याला साग बाभळीइतका टणक नाही. कड धारदार ठेवली तर वर्षभरात ती दबून गोल होते. त्यामुळे ती आधीच गोल करून टाकावी. शिवाय त्याच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही. सांध्याची जागा चिकटवण्याच्या अगदी आधी थिनरच्या फडक्याने पुसा, पाच मिनिटं उडू द्या आणि अर्ध्या तासाच्या आत गोंद लावा. काल पुसलेलं आज उपयोगाचं नाही, तेल पुन्हा वर येतं. रंध्याची आणि पटाशीची धारही लवकर जाते, कारण सागात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात.

बाभूळ

स्टुलाच्या पायांसाठी बाभूळ हे आपल्याकडचं सगळ्यात उपेक्षित उत्तम लाकूड आहे. बैलगाडीची चाकं आणि नांगर ज्या लाकडाचे होत आले, ते दणके खायलाच जन्मलेलं आहे. किंमत सागाच्या मानाने फारच कमी. देशावर आणि मराठवाड्यात ते बांधावर मिळतं आणि बऱ्याचदा सरपणात जातं, हे पाहून वाईट वाटतं.

पण बाभळीचे नखरे आहेत. पूर्ण वाळल्यावर ती इतकी टणक होते की हाताच्या करवतीने कापणं म्हणजे शिक्षा. म्हणून ओंडका ताजा असतानाच ५५ मिमी चौरसाचे तुकडे पाडून घ्यावेत आणि मग वाळवावेत. वाळताना ४-५ मिमी आटणं, थोडं वाकणं धरून ४५ मिमीचा पाय त्यातून सरळ निघतो. पांढऱ्या भागाला भुंगा हमखास लागतो, तो भाग तासून टाका. तिसरी गोष्ट लोखंडाची. बाभळीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं, ओल्या फडक्याचं पाणी आणि लोखंडी खिळा एकत्र आले की खिळ्याभोवती निळा-काळा डाग पसरतो आणि तो घासूनही जात नाही. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रूच वापरा. ४ मिमीच्या स्क्रूसाठी आधी ३ मिमीचं भोक पाडा आणि स्क्रूला साबण चोळा. नाहीतर डोकं तुटून स्क्रू आतच राहतो.

आंबा

आंब्याचं लाकूड सहज मिळतं, रुंद फळ्या निघतात आणि कधीकधी त्यात करडे-काळे पट्टे येतात, जे लोकांना फार आवडतात. ते पट्टे बुरशीचे असतात. लाकूड टणक असेल तर ते निव्वळ शोभेचे. पण नखाने दाबल्यावर तिथे खळगा पडत असेल तर बुरशीने लाकूड खाल्लेलं आहे, ती फळी सोडा.

आंब्यावर रंधा मारताना एका पट्ट्यात गुळगुळीत निघतं आणि लगेच शेजारच्या पट्ट्यात उखडतं, कारण त्याच्या रेषा आलटून पालटून उलट्या दिशेने जातात. रंध्याचं पातं अगदी बारीक काढा, धार लावून घ्या आणि शेवटचं काम पॉलिश पेपरवर सोडा. ८० नंबरपासून सुरुवात, मग १२०, शेवटी १८०. पायाखाली याहून गुळगुळीत करायची गरज नाही, उलट पाय घसरतो.

पाण्यापुढे आणि किड्यापुढे आंबा टिकत नाही. वरच्या फळीला चालेल, पायांना नको. आणि वरच्या फळीलाही किड्याचा बंदोबस्त केल्याशिवाय नको. तो असा: एक लिटर कोमट पाण्यात ४५ ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि ३० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा. फळी रंधून मापात आणल्यावर, पॉलिशच्या आधी, हे पाणी सगळ्या बाजूंनी ब्रशने भरपूर लावा, डोक्यांना दोनदा. ओली असतानाच प्लास्टिकमध्ये गुंडाळून दहा-बारा दिवस ठेवा. औषध ओल्या लाकडातूनच आत सरकतं, लावून लगेच उन्हात ठेवलं तर ते पृष्ठभागावरच राहतं आणि आतला किडा सुखात असतो. मग प्लास्टिक काढून सावलीत पुरतं वाळवा. टाकणखार पाण्यात विरघळणारा आहे, म्हणून वरून पॉलिश हवंच, नाहीतर ओल्या फडक्याबरोबर तो निघून जाईल. हातमोजे घाला आणि ते पाणी मुलांपासून लांब ठेवा.

शिवण, फणस आणि कोकणातली इतर लाकडं

शिवण हलकी, फिकट आणि अतिशय शहाणी. एकदा वाळली की वाकायचं नाव घेत नाही. पाटांसाठी आणि दारांच्या आतल्या फळ्यांसाठी तिला मान आहे तो याचमुळे. वरच्या रुंद फळीला शिवण सुंदर. मऊ असल्यामुळे टाचेचे आणि पोरांच्या खेळण्यांचे खळगे पडतात, पण ओलं फडकं ठेवून त्यावर गरम इस्त्री दोन-तीन सेकंद टेकवली की दबलेले तंतू फुगून खळगा बराचसा भरून येतो. पॉलिश लावलेलं नसताना हे काम करतं. लावलेलं असेल तर आधी तेवढी जागा घासून उघडी करावी लागते.

फणसाचा गाभा पिवळाधमक असतो, उजेडात हळूहळू तांबूस तपकिरी होत जातो. वाळवी त्याला सहसा लागत नाही. मध्यम वजन, बऱ्यापैकी टणक. पाय आणि फळी दोन्ही एकाच लाकडातून करायचं असेल आणि सागाचे पैसे घालायचे नसतील, तर कोकणात आणि गोव्यात पहिली निवड फणसाची. मात्र जुन्या, जाड झाडाचा गाभा हवा.

ऐन आणि किंजळ ही कोकणातल्या घरांची खांब-तुळयांची लाकडं. जुनं घर उतरवताना त्यांचे तुकडे मिळाले तर स्टुलाच्या पायांसाठी सोनं. कित्येक दशकं वाळलेलं लाकूड यापुढे वाकणार नाही. नवा ऐन मात्र वाळताना इतका उलतो आणि पिळतो की घरच्या कामाला त्याच्या वाटेला जाऊ नये. जुन्या लाकडावर करवत चालवण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधा.

शेतातला किंवा परसातला साग, आंबा, फणस, ऐन तोडायचा तर महाराष्ट्रात १९६४ च्या झाडतोड कायद्याखाली आधी परवानगी लागते. वाऱ्याने पडलेलं झाड असलं तरी ओंडके सॉमिलला नेण्याआधी वनखात्यात विचारून घ्या.

शिसवाबद्दल एक घोळ दूर करायला हवा. आपला काळसर शिसव वेगळा आणि उत्तर हिंदुस्तानातून येणारा, ऑनलाइन फर्निचरवर 'शीशम' म्हणून विकला जाणारा वेगळा. दोघं डालबर्जिया या एकाच गटातले आणि दोन्ही उत्तम, जड, टणक. पण शीशमच्या भावात काळा शिसव मिळत नाही, आणि कुणी देतो म्हणाला तर ते रंग लावलेलं दुसरंच लाकूड असण्याची शक्यता जास्त. ओल्या पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन खालून घासा, रंग उतरला तर समजा. हा सगळा गट २०१७ पासून साइटिस या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, म्हणून परदेशात पाठवायचं असेल तर दुकानदाराकडून लाकडाचं नाव आणि वजन लिहिलेलं बिल घ्यावं.

तयार फळ्या, पाइन, प्लाय

रबरवुडच्या बोटं जोडल्यासारख्या सांध्यांच्या तयार फळ्या सरळ, वाळलेल्या आणि किड्याचं औषध दिलेल्या मिळतात. कोरड्या खोलीत काम झकास. पाणी लागलं की काळे डाग पडतात, म्हणून फरशीला टेकणारे पाय यातून करू नका.

पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन फुकटात मिळतं म्हणून बरेच जण त्याचं स्टूल करतात. चालेल, पण खोक्यावरचा शिक्का वाचा. 'एचटी' म्हणजे लाकूड तापवून कीडमुक्त केलेलं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीचं, ते घरात आणू नका. पाइन मऊ आहे, पाय ५० मिमीपेक्षा बारीक ठेवू नका.

वर गादी बसवायची असेल तर तिच्याखाली चांगलं लाकूड घालण्यात अर्थ नाही. ७१० दर्जाचा (पाण्याला टिकणारा) १२ मिमी प्लाय पुरतो. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, कुठेही वापरा, पण जमिनीपासून हातभर वर. फडक्याचं पाणी लागलेला एमडीएफ पावासारखा फुगतो आणि परत बसत नाही.

अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांना दुकानात रेड ओक, हार्ड मेपल, बीच, पॉपलर ही नावं दिसतील. पहिली तीन सागाहून टणक आहेत. पॉपलर शिवणासारखं मऊ. तिथे अडचण पावसाळ्याची नसून हिवाळ्यातल्या हीटरची असते. हवा कोरडी होऊन फळी आटते, म्हणून खाली सांगितलेली फळी बसवायची पद्धत तिथे आणखी गरजेची.

आमची शिफारस

पाय आणि पट्ट्या बाभळीच्या, वरची फळी शिवणाची. वजन साडेचार किलोच्या आसपास, खर्च आटोक्यात, गडद पायांवर फिकट फळी दिसतेही छान. बाभूळ मिळत नसेल तर पाय सागाच्या गाभ्याचे आणि फळी आंब्याची. बार-स्टुलाला किंवा उंच खुर्चीला असते तशी पाय ठेवायची आडवी दांडी करायची असेल तर मात्र बाभूळ, जुना ऐन किंवा साग यांपैकीच काहीतरी घ्या. तिथे माणूस सगळं वजन देऊन चढतो. दांडी ३० मिमीहून बारीक नको, एकही गाठ नको, आणि लाकडाच्या रेषा दांडीच्या लांबीला समांतर हव्यात. १५ सेंमी लांबीत रेषा एक सेंमीपेक्षा जास्त तिरकी बाहेर पडत असेल तर दांडी तिथेच चिरेल.

जोडणी

पाय २ सेंमी जास्त लांब ठेवा. भोकं पाडताना वरचं टोक फाटू नये म्हणून ही जादा लांबी, शेवटी कापून टाकायची. लांब पट्ट्या ३१.८ सेंमी आणि आखूड पट्ट्या २१.८ सेंमी कापा. दोन्ही टोकांना २४ मिमी लांब, १० मिमी जाड कुसू, म्हणजे पायातल्या भोकात बसणारी जीभ, काढा. पट्टीची जाडी २० मिमी आहे, म्हणजे दोन्ही अंगांनी ५-५ मिमी जातं. कुसवाची रुंदी ४५ मिमी, वरचे १२ मिमी सोडून.

पायातलं भोक मधोमध पाडायचं नाही. इथे बहुतेक जण चुकतात. ४५ मिमीच्या पायात दोन बाजूंनी मधोमध भोकं पाडली तर ती आत एकमेकांत घुसतात, कुसवं आखूड करावी लागतात आणि वर्षभरात स्टूल डुगडुगायला लागतं. भोक पायाच्या बाहेरच्या तोंडापासून ७ मिमी सोडून आखा, रुंदी १० मिमी, खोली २६ मिमी. मग दोन भोकांमध्ये २ मिमीचा पडदा शाबूत राहतो आणि कुसू पूर्ण लांबीचा बसतो. पट्टी पायाच्या तोंडापासून २ मिमी आत राहते. ही सावलीची रेघ सांध्यातली बारीक चूकही लपवते.

कुसू हाताच्या दाबाने बसला पाहिजे. हातोडी लागली तर पाय चिरेल, आपोआप पडला तर गोंद पोकळी भरून काढणार नाही. भोकातली २ मिमी जादा खोली गोंदाला जागा मिळावी म्हणून आहे. गोंद भोकाच्या आतल्या भिंतींना लावा, फक्त कुसवाला लावलेला गोंद आत जाताना बाहेरच खरवडला जातो. आधी आखूड बाजूंच्या दोन चौकटी जोडा, शिकंज्यात रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी लांब पट्ट्या. प्रत्येक वेळी कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात आहे, गुण्या लावायचीही गरज नाही.

वरची फळी चौकटीला गोंदाने कधीच चिकटवू नका. तीन मिमीची हालचाल तिला करू द्यायची आहे. आखूड पट्ट्यांच्या मधोमध एकेक स्क्रू पक्का लावा. लांब पट्ट्यांच्या आतल्या अंगाला खाच पाडून त्यात लाकडी गुटके अडकवा आणि गुटके फळीला स्क्रूने आवळा. गुटका खाचेत पूर्ण आत न ढकलता २-३ मिमी मोकळं ठेवा. फळीच्या रेषा लांब बाजूला समांतर हव्यात. आडव्या लावल्या तर हालचाल लांबीत होईल आणि हे सगळं गणित उलटं पडेल.

टाच टेकते ती कड वरून ८ ते १० मिमी त्रिज्येने गोल करा, बाकीच्या ३ मिमी पुरे.  मऊ लाकडाची गोल कड दबत नाही, कारण टाचेचा भार एका रेघेवर न येता पसरतो.

पॉलिश आणि पायांचे तळ

चकचकीत जाड थर पायाखाली घसरडा होतो आणि टाचेपाशी सोलून निघतो. उकळलेलं अळशीचं तेल बरं: फडक्याने लावा, वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढा, दोन दिवस वाळू द्या. असे तीन हात. जिथे झिजेल तिथे पुढे कधीही एक हात मारता येतो. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर पसरून वाळवा. फळीच्या खालच्या अंगालाही तेवढेच हात द्या, नाहीतर एका बाजूने ओल जाईल आणि फळी वाकेल.

पायांचे तळ मात्र तेलावर सोडू नका. लाकडाचं डोकं नळ्यांच्या जुडीसारखं असतं, फरशीवरचं पाणी ते शोषून वर ओढतं. स्टूल उलटं ठेवा, तळ १२० च्या पेपरने घासा आणि पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) तीन हात द्या, पहिला पातळ करून, म्हणजे तो आत मुरेल. खालच्या कडांना २ मिमीचा तिरका छेद द्या, ढकलताना चिरफळ्या उडत नाहीत. वर प्लास्टिकची ठोकायची बटणं लावा. लाकूड फरशीपासून ४-५ मिमी वर राहतं आणि फडक्याचं पाणी खालून वाहून जातं. रबरी टोप्या नकोत. त्यांच्यात पाणी साठतं आणि पाय आतून कुजतो, वरून काहीच दिसत नाही.

स्टूल हलत असेल तर ओट्याच्या कडप्प्यावर ठेवून बघा, फरशीवर नाही, फरशीच वाकडी असते. कडप्प्यावर आखूड पायाखाली कागदाच्या घड्या घालून स्टूल स्थिर करा. कागदाच्या थराएवढं जाड पुठ्ठं पेन्सिलीखाली धरून उरलेल्या तीन पायांभोवती रेघ मारा आणि तेवढंच कापा. कापलेल्या तळांना पुन्हा पीयू लावायला विसरू नका.

पहिला पावसाळा संपला की स्टूल उलटं करून दोन गोष्टी तपासा. गुटक्यांचे स्क्रू सैल झाले असतील तर अर्धा फेरा आवळा. आणि फळीखाली पिठासारखा भुगा पडलेला दिसला तर आधी तो पुसून खाली काळा कागद ठेवा. आठ दिवसांत कागदावर नवा भुगा पडला तरच किडा जिवंत आहे. तसं असेल तर त्या बारीक भोकांमध्ये इंजेक्शनच्या सुईने केरोसीनवर आधारित लाकडाचं औषध सोडा, मेणाने तोंडं बुजवा आणि पंधरा दिवसांनी कागद पुन्हा ठेवा.